एकदाच जायचंय, तर नीट जाऊ: इंदूरकरांसाठी स्वप्नातल्या रेस्टॉरंटची पूर्वतयारी

इंदूरच्या माणसाला बाहेर जेवायला नेऊन खूश करणं सोपं नाही. सकाळी सेव आणि जीरावन मसाला घातलेले पोहे आणि जिलबी, दुपारी छप्पन दुकानवर खोपरा पॅटिस, रात्री सोनारांनी शटर ओढलं की सराफ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेला गराडू कंद. जीभ याच्यावर वाढलेली. अशा घरात कुणी म्हणालं, "मुंबईला एक ठिकाण आहे, माणशी सात हजार पडतात," की आजी विचारणार, "सोनं घालतात का रे त्यात?"

आजीचा प्रश्न रास्त आहे. सात हजारांत सराफ्यात अख्खी गल्ली जेवेल. म्हणून आयुष्यात एकदा जायचं ठिकाण महाग आहे एवढ्यासाठी निवडू नये. तिथलं जेवण दुसरीकडे कुठेच मिळणार नाही, एवढ्यासाठी निवडावं. आणि एकदा निवडलं की लग्नाचं कार्यालय ठरवतो तितक्या बारकाईनं त्याच्या मागे लागावं. पैसे असूनही लोकांचा विरस होतो, तो बहुतेक तयारीत कमी पडल्यामुळे.

पहिली पायरी: चाळणी लावा

कुठल्याही ठिकाणाचं नाव कानावर आलं की एकच विचारायचं: याच्या जवळपास जाणारं काही इंदुरात बसून मिळेल का? मिळत असेल तर नाव यादीतून खोडा. उंच इमारतीवरचं फिरतं रेस्टॉरंट, मेणबत्त्या, व्हायोलिन, आणि ताटात तेच पनीर: असल्या ठिकाणी फोटो मिळतो, जेवण नाही. मालदीवमध्ये कॉनराड रंगाली बेटावर 'इथा' नावाचं रेस्टॉरंट २००५पासून समुद्राखाली सुमारे पाच मीटरवर आहे, पारदर्शक बोगद्यात जेमतेम १४ जणांची बैठक. जगातल्या सगळ्या 'स्वप्नातली रेस्टॉरंट' याद्यांत ते असतंच. माझ्या यादीत नाही. तिथे माणूस मासे बघायला जातो आणि मासेच खातो, यात मला जरा गंमत वाटते, पण तेवढ्यासाठी विमानाचं भाडं कोण भरणार?

दुसरी चाळणी काळाची. स्पेनमधलं 'एल बुली' जगातलं सर्वांत गाजलेलं रेस्टॉरंट होतं. वर्षाच्या आठेक हजार जागांसाठी वीस लाखांवर मागण्या येत, असं सांगितलं जाई. २०११मध्ये त्याचा शेफ फेरान आद्रियानं ते बंद केलं. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारे कायमचे राहिले. एका शेफच्या डोक्यावर चालणारी ठिकाणं अशीच असतात. शेफ गेला, कंटाळला किंवा भाडं वाढलं की संपलं. शंभर वर्षं चाललेलं हॉटेल थोडं थांबू शकतं, दहा वर्षांचं नाही. यादीत क्रम लावताना हे धरा.

आता ताऱ्यांबद्दल, कारण घरात यावर वाद होतोच. मिशलिन ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी. लोकांनी मोटारी जास्त पळवाव्यात म्हणून त्यांनी १९००मध्ये वाटसरूंसाठी पुस्तिका काढली. १९२६पासून चांगल्या हॉटेलांना तारा मिळू लागला आणि १९३१मध्ये तीन ताऱ्यांची उतरंड आली. एक तारा म्हणजे आपल्या वर्गात उत्तम, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, तीन म्हणजे मुद्दाम तेवढ्यासाठीच प्रवास करावा असं. म्हणजे आपल्या कामाची व्याख्या तिसरी. भारतात मात्र या गाइडची आवृत्ती अजून निघालेली नाही. त्यामुळे इथल्या एखाद्या जाहिरातीत 'मिशलिन स्टार' दिसलं, तर तो तारा शेफनं परदेशात कुठेतरी मिळवलेला असतो, त्या जागेचा नसतो. दुसरी यादी 'वर्ल्ड्स फिफ्टी बेस्ट'ची, २००२पासूनची. तिची आशियाई बहीण २०१३ची. ही मतदानानं ठरते. दोन्ही वाचाव्यात आणि मग आपली चाळणी लावावी.

दुसरी पायरी: जवळून लांब अशी यादी करा

एकदम परदेशाला हात घालू नका. थाटाच्या जेवणाचीही सवय लागते, आणि ती पहिल्यांदाच लाखभर रुपये मोजून लावण्यात शहाणपण नाही.

रात्रभराच्या अंतरावर अहमदाबाद आहे. तिथे लाल दरवाजाजवळ 'हाउस ऑफ एमजी' ही शेठ मंगलदास गिरधरदास यांची १९२४ची हवेली, आणि तिच्या गच्चीवर 'अगाशिये'. गुजराती थाळी, रोज बदलणारा बेत, आणि वाढपी आपल्याला बोलायला न लावता वाढत राहतात. पूर्ण शाकाहारी. घरातल्या ज्येष्ठांना 'थाटाचं जेवण' म्हणजे काय ते दाखवायला याहून बरी सुरुवात नाही. वेळ उरला तर त्याच भागातल्या 'लकी'मध्ये चहा आणि बन-मस्का घ्या: टेबलांच्या मधोमध खऱ्या कबरी आहेत, आणि भिंतीवर एम. एफ. हुसेन यांनी भेट दिलेलं चित्र. थरथरायची गरज नाही, सगळं शहर तिथे बसून पेपर वाचतं.

मुंबईत दोन टोकं एकाच फेरीत होतात. बॅलार्ड इस्टेटमधलं 'ब्रिटानिया अँड कंपनी' १९२३चं इराणी हॉटेल. उंच छत, रंग उडालेल्या भिंती, लाकडी खुर्च्या. तिथला बेरी पुलाव म्हणजे केशरी भात आणि वर इराणहून येणाऱ्या आंबट, लाल, मनुकेपेक्षा लहान बेऱ्या. दातांखाली एकेक फुटते तेव्हा भाताचा तूपकटपणा कापला जातो. चिकन-मटणाबरोबर शाकाहारी पुलावही मिळतो, नंतर कॅरॅमल कस्टर्ड. हे दुपारचं ठिकाण आहे, रात्रीचं नाही.

दुसरं टोक महालक्ष्मीचं 'मास्क'. जुन्या गिरणीच्या आवारात अदिती दुगर यांनी २०१६मध्ये सुरू केलं. इथे मेन्यूतून निवडायचं नसतं. दहाएक छोटे पदार्थ क्रमानं येतात, त्याला टेस्टिंग मेन्यू म्हणतात. माल भारतातला, बराचसा आपण कधी नावही न ऐकलेला. मांडणी मात्र अशी की पदार्थ ओळखायला दोन क्षण लागतात. शाकाहारी क्रम वेगळा मिळतो. 'एशियाज फिफ्टी बेस्ट'मध्ये भारतातलं सर्वोत्तम म्हणून याचं नाव सलग येत राहिलं आहे.

दिल्लीत माझं मत 'बुखारा'ला. आयटीसी मौर्यमधलं हे रेस्टॉरंट सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ त्याच मेन्यूवर चाललंय. मेन्यू लाकडी फळीवर छापलेला, बसायला ठेंगणी स्टुलं, गळ्यात बांधायला चौकटीचं ॲप्रन, आणि काटा-चमचा मागितल्याशिवाय येत नाही. दाल बुखारा म्हणजे अख्खे उडीद, टोमॅटो, आलं, लसूण, लोणी, साय. तंदूरच्या मंद निखाऱ्यावर रात्रभर. कांदा नाही, खडा मसाला नाही, फोडणी नाही. दाल मखनी आपल्याकडे बायपासवरच्या प्रत्येक ढाब्यावर मिळते, मग ही चाळणीतून कशी सुटली? वाटीत बोट बुडवून बघा. डाळ आणि पाणी वेगळं होत नाही, उडदाचं साल जिभेवर लागत नाही, आणि मसाल्याच्या आड लपायला काही ठेवलेलंच नाही. घरी कुकरच्या शिट्ट्यांवर हे होत नाही. मी बऱ्याच गृहिणींना पैज लावताना आणि हरताना पाहिलंय. २००० साली बिल क्लिंटन इथे जेवले, तेव्हापासून त्यांच्या नावाचं ताटही मिळतं. ते मांसाहारी घोळक्यासाठी ठीक आहे. दोघांनी मागवू नये, उरतं.

त्याच शहरात 'इंडियन ॲक्सेंट' आहे, २००९चं, आता द लोधी हॉटेलमध्ये. आधी येणारा ब्लू चीज घातलेला चिमुकला नान खाऊन आजी तोंड वाकडं करेल, आणि थंडीतल्या दौलत की चाटवर, म्हणजे दुधाच्या फेसाच्या गोडावर, खूश होईल. 

चेन्नईच्या आयटीसी ग्रँड चोलामध्ये 'अवर्तना' आहे. दक्षिणेचे जिन्नस, ७ ते १३ पदार्थांचे वेगवेगळे क्रम, त्यांत शाकाहारीही. टोमॅटोचं रसम टेबलावर येतं ते कॉफीच्या फ्रेंच प्रेसमध्ये: रंग जवळजवळ नाहीच, चहाच्या पाण्यासारखं स्वच्छ, आणि घोट घेतला की पूर्ण रसम. आपल्या घरच्या साराच्या चवीला जवळचं असल्यामुळे मराठी माणसाला हा पदार्थ पटकन लागू पडतो.

बंगळुरूला कामासाठी जाणं झालं तर लालबाग रोडवरचं 'एमटीआर' सोडू नका. १९२४चं. महायुद्धात तांदळाची टंचाई आली तेव्हा रव्याची इडली इथेच जन्मली, असा त्यांचा दावा आहे आणि तो कुणी फारसा खोडत नाही. हैदराबादला ताज फलकनुमाच्या 'अदा'मध्ये निजामी जेवण आहे. त्या राजवाड्यात १०१ माणसांचं एकच जेवणाचं टेबल आहे, ते बघायला मिळालं तर बघाच. हिमाचलात कसौलीजवळ प्रतीक साधू यांनी २०२३मध्ये सुरू केलेलं 'नार' आहे, वीसहून कमी माणसांचं, हिमालयातल्या जिनसांवर उभं. तिथे पोहोचण्यातच एक दिवस जातो.

आणि एक ठिकाण ज्याला रेस्टॉरंट कुणी म्हणणार नाही: पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या आवारातला आनंद बाजार. महाप्रसाद मातीच्या मडक्यांत, लाकडाच्या आगीवर, मडक्यावर मडकं रचून शिजतो. तो विकत घ्यायचा आणि तिथेच जमिनीवर बसून खायचा. बुकिंग नाही, जातपात विचारत नाही. छप्पन भोग तिथला, नि छप्पन दुकान आपलं. चाळणीच्या प्रश्नाला याच्याइतकं खणखणीत उत्तर दुसरं कुणी देत नाही.

परदेशात चारच नावं देते. दुबईचं 'ट्रेसिंड स्टुडिओ', शेफ हिमांशू सैनी. मे २०२५मध्ये तीन मिशलिन तारे मिळवणारं जगातलं पहिलं भारतीय पद्धतीचं रेस्टॉरंट. बँकॉकचं 'गग्गन', कोलकात्यात वाढलेल्या गग्गन आनंद यांचं. २०२५च्या आशियाई यादीत पहिलं. इटलीत मोदेनाचं 'ऑस्तेरिया फ्रांचेस्काना', मासिमो बोत्तुरा यांचं. २०१६ आणि २०१८मध्ये जगातलं पहिलं. आणि क्योतोमध्ये अराशियामाच्या तेनर्यू-जी मंदिरातलं 'शिगेत्सू'. हे चौथं पहिल्या तिघांपेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि आपल्यातल्या अनेकांसाठी सगळ्यांत योग्य. का ते पुढच्या पायरीत.

तिसरी पायरी: आपण काय खात नाही ते आधी लिहून काढा

इथे घाई करू नका. आपण 'व्हेज' म्हटलं की समोरच्याला कळलं असं धरून चालतो. इंदुरात कळतं, मोदेनात कळत नाही.

तिकडे शाकाहारी म्हणजे मांसाचा तुकडा ताटात नाही, एवढंच. अंडं चालतं. पार्मिजानो रेजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटशिवाय (दूध घट्ट करणारा पाचक रस) बनतच नाही, आणि बोत्तुरांचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ त्याच चीजच्या पाच वयांचा आहे. कट्टर शाकाहारी घरानं मोदेनाला जावं का, याचं उत्तर तिथेच मिळतं. जपानात सूपच्या मुळाशी दाशी असते आणि तिच्यात बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कातळ्या. थाई स्वयंपाकात फिश सॉस आणि कोळंबीची पेस्ट मिठासारखी पडते. जेलीच्या गोडात जिलेटिन, तेही प्राण्यांच्या हाडा-कातड्यांचं. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा. यातलं काही दिसत नाही, वासही येत नाही.

म्हणून बुकिंगच्या ईमेलमध्ये 'व्हेजिटेरियन' हा एक शब्द लिहून सोडू नका. साध्या वाक्यांत यादी द्या: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मांसाचा किंवा माशांचा स्टॉक, जिलेटिन आणि प्राण्यांचं रेनेट नाही, दूध, तूप, दही, मध चालतं. शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, कारण नाही तर ते तुम्हाला व्हीगन समजून तूपही काढून टाकतात आणि हाती येतो उकडलेला पाला. कांदा-लसूण नको असेल तर तेही लिहा. उत्तर आलं की ते जपून ठेवा आणि पोहोचल्यावर टेबलावर पुन्हा एकदा सांगा.

याच ईमेलमध्ये आणखी एक विचारा: शाकाहारी मेन्यू स्वतंत्र रचलेला आहे, की मांसाहारीतून मांस काढून बनवलेला? उत्तर गोलमोल आलं तर तिथे शाकाहारी माणसानं पैसे घालू नयेत. पूर्ण किंमत देऊन अर्धं जेवण कशाला?

शिगेत्सू इथेच बाजी मारतं. तिथे शोजिन र्‍योरी मिळतं, झेन मठातलं जेवण: मांस-मासे-अंडं-दूध काहीच नाही, आणि परंपरेनं कांदा-लसूणही वर्ज्य. लाल लाखेच्या वाट्यांत, जमिनीवर बसून, समोर छोटा चौरंग. पंगतीत बसलेल्या माणसाला काही शिकवावं लागत नाही. गुडघे धरलेले असतील तर मात्र आधी विचारून घ्या.

आणि पंचांग बघा. हसू नका. आठवडे आधी मिळवलेलं टेबल श्रावणी सोमवारी निघालं तर घरात महाभारत होतं. संकष्टी तर त्याहून वाईट: पहिला पदार्थ साडेसातला समोर येतो आणि चंद्रोदय नऊनंतर. चातुर्मासात काही सोडलेलं असेल, नवरात्राचे उपवास असतील, तर तारीख निवडतानाच ते धरा. शेफ अंडं वगळू शकतो, चंद्र लवकर आणू शकत नाही.

चौथी पायरी: खरा हिशेब

मेन्यूवरचा आकडा म्हणजे बिल नव्हे. समजा माणशी ६,००० आणि तुम्ही दोघं, म्हणजे १२,०००. रेस्टॉरंट स्वतंत्र असेल तर साधारण ५ टक्के जीएसटी, म्हणजे १२,६००. पण खोलीचं भाडं दिवसाला ७,५००च्या वर जाणाऱ्या हॉटेलात ते असेल तर १८ टक्के, म्हणजे १४,१६०. बुखारा, अवर्तना, अदा ही सगळी अशा हॉटेलांतली. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा कर वेगळा. आणि प्रत्येक पदार्थाबरोबर वाइन देण्याची जी 'पेअरिंग' सुचवतात, ती घेतली तर बिल दुपटीकडे सरकतं. बऱ्याच ठिकाणी बिनदारूचं पेअरिंगही असतं. दोघांत एक घेऊन वाटून प्या, कुणी काही म्हणत नाही.

परदेशात कार्डावर बँक दोन ते साडेतीन टक्के वर लावते. कमी मार्कअपचं कार्ड असेल तर तेच न्या. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च बहुतेकदा जेवणापेक्षा जास्त होतो, म्हणून जेवणासाठी प्रवास आखण्यापेक्षा ठरलेल्या प्रवासाला जेवण जोडता येतं का बघा. मुलीला पुण्यात सोडायला जाताना मुंबईचं टेबल, भाच्याच्या लग्नाला हैदराबाद.

पैसे जमवायला भिशीसारखं काही नाही. सहा-सात मैत्रिणींनी साड्यांऐवजी या नावानं भिशी लावली तर वर्षभरात सगळ्यांची बुकिंगची रक्कम उभी राहते, आणि मुख्य म्हणजे ती घरखर्चात मुरत नाही. आणखी एक वाट: दुपारचं जेवण. त्याच स्वयंपाकघराचं, त्याच हातांचं, अनेक ठिकाणी आखूड आणि बरंच स्वस्त. रात्रीच्या दिव्यांसाठी जास्तीचे पैसे द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

पाचवी पायरी: आधी टेबल, मग गाडी

आपण उलटं करतो. रेल्वेचं तिकीट काढतो आणि मग हॉटेलला फोन लावतो. गाडीचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. गाजलेल्या रेस्टॉरंटांचं त्याहून आधीही उघडतं, आणि काही ठिकाणी ठरावीक तारखेला, ठरावीक मिनिटाला. त्या शहराची वेळ आपल्या घड्याळात लिहून ठेवा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, बँकॉक दीड तास पुढे, जपान साडेतीन तास पुढे. इटली उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, म्हणजे तिथे सकाळी दहाला खिडकी उघडली तर इथे दुपारचे दीड किंवा अडीच.

शनिवार सोडा. मंगळवार-बुधवारी दोघांसाठी जागा मिळते, शनिवारी सहाजणांसाठी मिळत नाही. पाच-सहाजण असाल तर दोन-तीनच्या टेबलांची तयारी ठेवा. सुटीचा दिवस विचारून घ्या, अनेकांचा सोमवार असतो. 'पूर्ण भरलं' आलं तरी वेटिंग लिस्टवर नाव ठेवा. शेवटच्या दोन दिवसांत जागा सुटतात.

मोठ्या ठिकाणी पैसे आधी भरावे लागतात किंवा कार्ड अडकवून ठेवतात, आणि न आल्यास कापतात. रद्द करण्याची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये लाल करा. जेवणाच्या आदल्या दिवशी त्यांचा खात्रीचा फोन येतो. आपण अनोळखी नंबर उचलत नाही, आणि टेबल दुसऱ्याला जातं. त्या दोन दिवसांत विम्याच्या, कर्जाच्या सगळ्या फोनांना 'हॅलो' म्हणायची तयारी ठेवा.

मुलांचं वय विचारा. कित्येक टेस्टिंग मेन्यूच्या जागी लहान मुलं घेत नाहीत, आणि घेतली तरी तीन तास बसवून ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. कपड्यांचं अवडंबर करू नका: सानंदच्या नाटकाला जाताना घालता ते कपडे कुठेही चालतात. साडी तर जगात कुठेही चालते. पुरुषांनी चपला आणि अर्धी चड्डी टाळावी.

सहावी पायरी: जाणं-येणं आणि पोट

मुंबईला अवंतिका एक्सप्रेस सकाळी मुंबई सेंट्रलला सोडते. ब्रिटानियाला दुपारी जेवून संध्याकाळच्या अवंतिकेनं परत निघता येतं, हॉटेलच्या खोलीचा खर्च वाचतो. मास्कसाठी तसं जमणार नाही, कारण ते रात्रीचं जेवण तीन तास चालतं. राहण्याची सोय मुंबई सेंट्रलजवळ बघा, महालक्ष्मी लोकलचं पुढचंच स्टेशन आहे. जेवणाच्या रात्रीची कुठलीही गाडी किंवा विमान धरू नका. घड्याळ बघत खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही.

त्या दिवशी हलकं खा, पण उपाशी राहू नका. सुदामा नगरातलं एक ओळखीचं जोडपं 'रात्री जड आहे' म्हणून दिवसभर नुसत्या चहावर राहिलं; तिसऱ्या पदार्थाला पित्त उसळलं आणि उरलेलं जेवण काकांनी दोन्ही ताटांतून संपवलं. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, पाचनंतर काही नाही. स्टेशनवरच्या कचोरीला त्या दिवशी नमस्कार.

सातवी पायरी: टेबलावर

पहिला पदार्थ बघून घरातलं कुणीतरी म्हणणार, "एवढंच?" म्हणू द्या. घास एकच असतो, पण पदार्थ दहा-बारा असतात आणि शेवटी पोट भरतं. फसवणारी गोष्ट ब्रेड. तो गरम असतो, लोणी उत्तम असतं, भूक लागलेली असते, आणि माणूस दोनदा मागून घेतो. मग सातव्या पदार्थाला हात टेकतो. एक तुकडा घ्या आणि टोपली लांब सरकवा.

पाणी विचारतील: स्टिल की स्पार्कलिंग? दोन्हींचे पैसे लागू शकतात. 'साधं पाणी द्या' म्हणायला लाजू नका. काटे-चमचे बाहेरून आत वापरत जा. चुकलं तर पुढचा पदार्थ येण्याआधी वाढपी न बोलता जोडी बदलून ठेवतो. हातानं खावंसं वाटलं तर विचारा, भारतीय पदार्थ असेल तर बहुतेक ठिकाणी आनंदानं हो म्हणतात. पर्समधली जीरावनची पुडी मात्र काढू नका. मला माहीत आहे ती असते.

इंदुरातल्या होळकरांच्या लालबागेत स्वयंपाकघर नदीपलीकडे होतं आणि पदार्थ भुयारातून राजवाड्यात येत. धूर आणि वास पाहुण्यांपर्यंत पोहोचू नये, हा तेव्हाचा थाट. आजचा थाट नेमका उलटा: पाहुण्याला शेफच्या समोर, ओट्याला लागून बसवतात. अशी जागा मिळत असेल तर तीच घ्या. हात कसे चालतात, एका ताटलीला किती जण लागतात, चिमट्यानं पान कसं ठेवतात ते दिसतं, आणि आजीच्या सोन्याच्या प्रश्नाचं उत्तर तिला न सांगता मिळतं. विचारा: हे काय आहे, कुठून आणलं, किती वेळ शिजवलं. सराफ्यात दहीवडेवाल्याला आपण चिमटीतल्या मसाल्यांबद्दल विचारतोच की. आवडलं नाही तर तेही त्याच वेळी, सौम्यपणे सांगा; खारट लागलं तर बदलून देतात. घरी येऊन ऑनलाइन तीन तारे कापण्यात काही हशील नाही.

फोटो पहिल्या घासाआधी एक, फ्लॅश बंद करून. दोन मिनिटं कोन शोधण्यात गेली की गरम पदार्थ गार झाला, आणि तो गरमच खायचा म्हणून इतक्या लांब आलोय. छापील मेन्यू मागून घ्या. बहुतेक जण आनंदानं देतात, काही शेफ सहीही करतात.

शेवटी बिल

बिल हातात आलं की ओळीनं वाचा. 'सर्व्हिस चार्ज' नावाची ओळ बऱ्याचदा १० टक्क्यांची असते आणि ती कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती सक्तीची करता येत नाही, आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना उचलून धरल्या. सेवा आवडली असेल तर राहू द्या, नसेल तर काढायला सांगा. आवाज चढवायची गरज पडत नाही. ती ओळ ठेवली असेल तर वेगळी टीप देऊ नका, काढली असेल तर ज्यानं वाढलं त्याच्या हातात रोख द्या. जपानात टीप ठेवू नका, वाढणारा मुलगा पैसे विसरलात म्हणून रस्त्यापर्यंत मागे धावत येईल. आगाऊ भरलेली रक्कम बिलातून वजा झाली आहे ना ते बघा, पाण्याच्या बाटल्या मोजा, आणि मगच कार्ड काढा.